निवाऱ्यातल्या प्राण्यांच्या औषधोपचाराचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राण्यांच्या एका निवाऱ्यात मी दवाखान्याच्या बिलांचं काम बघते. कुणाला काय झालं, कुठल्या डॉक्टरांकडे नेलं, किती खर्च आला, किती भरले, किती राहिले, हे सगळं माझ्या वहीत असतं. आमचा निवारा ‘नो-किल’ आहे. जागा नाही किंवा पैसे नाहीत म्हणून आम्ही प्राणी मारत नाही, त्यामुळे आजारी जनावर दारात आलं की त्याच्यावर उपचार करायचे, एवढंच आमच्या हातात असतं. मदत करावी असं वाटणारी माणसं पुष्कळ भेटतात आणि बहुतेकांना तेच तेच प्रश्न पडलेले असतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत. उत्तरं आमच्यापुरती नाहीत, कुठल्याही निवाऱ्याला मदत करताना उपयोगी पडतील अशी आहेत.

‘नो-किल’ म्हणजे एकही प्राणी कधीच झोपवत नाहीत का?

झोपवावा लागतो, कधी कधी. ज्याच्या वेदना थांबवता येत नाहीत आणि ज्याच्या बरं होण्याची आशा डॉक्टरांनी सोडली आहे, त्याला तसंच तडफडत ठेवणं हा क्रूरपणा आहे. अशा वेळी दयामरण हीच माया. बरा होऊ शकणारा प्राणी मात्र नो-किल निवारा मारत नाही. यासाठी सर्वसाधारणपणे एक मोजमाप वापरतात: आत आलेल्या प्राण्यांपैकी किमान ९० टक्के जिवंत राहिले पाहिजेत. उरलेल्यांत असाध्य आजार, भीषण अपघात आणि माणसांना खरोखर धोकादायक झालेली जनावरं येतात, असं त्यामागे गृहीत धरलेलं आहे.

या विचाराला मोठं बळ मिळालं ते अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात. रिचर्ड अव्हान्झिनो तिथल्या एसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे प्रमुख असताना १९९४ मध्ये संस्थेने शहराच्या प्राणी विभागाशी करार केला. दत्तक देण्याजोगा एकही कुत्रा किंवा मांजर मारायचं नाही, शहराला सांभाळता आलं नाही तर संस्था सांभाळेल, असं त्यात ठरलं. ‘सांभाळेल’ या शब्दाबरोबर दवाखान्याचं बिलही आलंच. ते आजही प्रत्येक निवाऱ्याच्या वाट्याला येतं.

दवाखान्याचा खर्च इतका कसा होतो? बहुतेक प्राणी तर धडधाकट दिसतात.

धडधाकट दिसणाऱ्या प्राण्यावरही पहिल्याच दिवशी खर्च सुरू होतो. लस, जंताचं औषध, गोचीड-पिसवांचं औषध, रक्ताची तपासणी, पुढे नसबंदी. पिल्लांना तर एका लशीने भागत नाही. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लशीचा परिणाम होऊ देत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून निवाऱ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी लस द्यावी लागते, पिल्लू साधारण १६ ते २० आठवड्यांचं होईपर्यंत. पाच पिल्लांचं एक खोकं दाराशी ठेवून कुणी निघून गेलं, तर ते अशा बऱ्याच लशी ठेवून गेलेलं असतं.

मग येतात आजार. पार्वो हा कुत्र्यांच्या पिल्लांचा सगळ्यात मोठा वैरी. १९७८ मध्ये हा विषाणू ओळखला गेला आणि तेव्हापासून निवाऱ्यांची झोप उडवतो आहे. आमच्याकडे एक बंड्या नावाचं पिल्लू होतं, जेमतेम दोन महिन्यांचं. संध्याकाळी ते खाण्यापाशी आलं, वास घेतला आणि मागे फिरलं. एवढंच. रात्री उलटी झाली, पहाटे रक्ताचे जुलाब. त्या जुलाबाला एक विशिष्ट वास असतो, एकदा घेतला की आयुष्यभर ओळखता येतो. पुढचे पाच दिवस त्याच्या पुढच्या पायात सुई होती, तिच्यावर निळी पट्टी गुंडाळलेली. सलाईन थेंब थेंब जात होतं, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, साखर खाली जाते का म्हणून दर काही तासांनी रक्ताचा थेंब. विषाणूवर थेट औषध हाताशी नसतं, तेव्हा शरीर लढून उठेपर्यंत त्याला तगवून धरायचं असतं. उपचार नसले तर पार्वो झालेली बहुतेक पिल्लं जातात. वेळेवर दाखल केलेली बहुतेक वाचतात. सलाईनच्या बाटलीचा खर्च त्यात किरकोळ असतो. मोठा खर्च होतो रात्रभर त्या बाटलीकडे आणि पिल्लाकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसांचा.

बंड्या वाचला. सहाव्या दिवशी त्याने चमच्याला लावलेलं खाणं चाटलं आणि डॉक्टरांनी मला फोन करून सांगितलं.

त्याच्या बिलात न दिसणारा खर्चही होता. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, साध्या जंतुनाशकाने आणि सॅनिटायझरने मरत नाही. ब्लीच एक भाग आणि पाणी ३२ भाग असं करून, आधी घाण पूर्ण काढून, मग दहा मिनिटं ओलं ठेवावं लागतं. बाकी पिल्लं दोन आठवडे वेगळी ठेवली, त्यांच्या तपासण्या केल्या. एका आजाराची किंमत अशी पसरत जाते.

आणखी कुठल्या आजारांवर जास्त खर्च होतो?

मोडलेली हाडं हा एक. प्लेट किंवा रॉड घालायची शस्त्रक्रिया, त्याआधी आणि नंतर एक्स-रे, आणि मोठ्या कुत्र्याचं हाड जुळायला साधारण ८ ते १२ आठवडे बंद जागेत विश्रांती. गोचीडतापाला एर्लिकिया नावाचे जंतू कारण असतात. त्याच्या गोळ्या स्वस्त आहेत, पण त्या चार आठवडे रोज द्याव्या लागतात आणि रक्तातल्या प्लेटलेट पुन्हा पुन्हा मोजाव्या लागतात. जननेंद्रियावरची गाठ, जी कुत्र्याकडून कुत्र्याला लागते, तिच्यासाठी विंक्रिस्टिनचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा असं चार ते सहा वेळा. ती गाठ बहुतेकदा पूर्ण विरघळते, मला दर वेळी त्याचं नवल वाटतं.

मांजरांमध्ये एफआयपी नावाचा आजार होता, ‘होता’ म्हणते कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याचं निदान म्हणजे मृत्यूच होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जीएस-४४१५२४ या औषधाने मांजरं बरी होतात हे दिसलं. त्यात उपचाराची मुदत होती ८४ दिवस. आशा मिळाली आणि तिच्यासोबत ८४ दिवसांचं बिलही.

आणि म्हातारे प्राणी. त्यांना कुणी पटकन दत्तक घेत नाही. मूत्रपिंड, सांधे, दात, हृदय. मधुमेही मांजराला दिवसातून दोनदा इन्सुलिन. या खर्चाला शेवट नसतो आणि त्याचा फोटोही काढता येत नाही.

पशुवैद्य सवलत किंवा फुकट उपचार का देत नाहीत?

देतात. आमच्या माहितीतले बहुतेक डॉक्टर निवाऱ्याला कमी दर लावतात, कितीतरी वेळा स्वतःची फी सोडून फक्त औषधांचे पैसे घेतात. पण भुलीचं औषध, टाके, लस, प्रयोगशाळेची फी हे त्यांनाही विकतच घ्यावं लागतं. मदतनिसांचे पगार द्यावे लागतात. मध्यरात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांना ‘तुम्हाला प्राण्यांची दया नाही का’ असं विचारणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्या डॉक्टरांचा चेहराही पाहिला आहे. कृपया असं विचारू नका. आपण त्यांचं बिल वेळेवर भरलं तर पुढच्या वेळी ते दार उघडं ठेवतात. निवाऱ्याची उधारी वाढली तर एक दिवस त्यांनाही ‘आधीचं थोडं भरा’ म्हणावं लागतं, आणि तेव्हा चूक त्यांची नसते.

एकदम मोठी रक्कम द्यावी की दर महिन्याला थोडी थोडी?

दोन्हींचं स्वागत आहे. पण तुम्ही माझं मत विचारलंत तर दर महिन्याला, आणि मी याबद्दल ठाम आहे.

कारण सांगते. दवाखान्याचं बिल दर महिन्याला येतं. मदत येते ती एखादा फोटो पाहून. गाडीखाली आलेल्या कुत्र्याचा फोटो पसरला की दोन दिवसांत पैसे जमतात, कधी लागतात त्यापेक्षा जास्त. त्यानंतरचे सहा आठवडे कुणी काही देत नाही, कारण काही ‘घडलेलं’ नसतं. त्या सहा आठवड्यांत लशी चालू असतात, नसबंदी चालू असते, म्हाताऱ्या कुत्रीच्या हृदयाच्या गोळ्या चालू असतात. पुढच्या महिन्यात किती येणार हे माहीत नसलं की निवारा घाबरून निर्णय घेतो. नसबंदी पुढे ढकलतो, रक्ताची तपासणी टाळतो, ‘बघू दोन दिवस’ म्हणतो. आणि जनावरांच्या बाबतीत ‘बघू दोन दिवस’ हे फार महाग पडतं. गोचीडतापाचं वेळेत निदान झालं तर गोळ्यांवर भागतं, उशिरा झालं तर रक्त चढवावं लागतं.

ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला येते हे माहीत असलं की डॉक्टरांशी बोलता येतं: दर महिन्याला दहा नसबंद्या आम्ही नक्की आणू, दर काय लावाल? लशी एकगठ्ठा घेता येतात. म्हणून महिन्याला येणारी छोटी रक्कम हिशेबाच्या वहीत आपल्या आकड्यापेक्षा मोठं काम करते.

माझी रक्कम अगदीच लहान आहे. देऊन काही फरक पडेल का?

पडेल. जंताच्या एका गोळीलासुद्धा कुणीतरी पैसे दिलेले असतात.

मी एका ठरावीक प्राण्यासाठीच पैसे दिले तर चालेल ना?

चालेल, पण देताना एक वाक्य जोडा: ‘याच्या उपचारातून उरले तर इतर प्राण्यांच्या औषधांसाठी वापरा.’ हे वाक्य नसलं की प्रामाणिक निवारा अडकतो. एकाच्या नावावर पैसे पडून असतात आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्या मांजरीची शस्त्रक्रिया पैशांअभावी थांबलेली असते. वहीत दोन रकाने असतात, एकात शिल्लक आणि दुसऱ्यात उधारी, आणि एकातून दुसऱ्यात घालता येत नाही. शब्द दिलेला असतो.

बिल थेट दवाखान्यात भरू का?

अवश्य. विश्वास बसायला हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. दवाखान्याला फोन करा, अमुक निवाऱ्याच्या नावे किती बाकी आहे विचारा, तिथेच भरा. भरल्यावर निवाऱ्याला पावती पाठवा. तीच रक्कम निवाऱ्याकडूनही भरली गेली असं आमच्याकडे दोनदा झालं आहे. डॉक्टरांनी ती पुढच्या बिलात वळती केली म्हणून निभावलं.

निवारा खरा आहे, पैसे खरंच औषधांवर जातात, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न विचारताना लोक ओशाळतात. ओशाळू नका. दुसऱ्याच कुणाच्या जखमी कुत्र्याचा फोटो उचलून त्यावर पैसे गोळा करणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या निवाऱ्यांची दारं बंद होतात.

फोटो दुसरीकडे आधी आलेला आहे का, हे इंटरनेटवर फोटोवरून शोध घेऊन पाहा. दवाखान्याचं बिल मागा. त्यावर दवाखान्याचं नाव, तारीख, प्राण्याचं वर्णन आणि उपचारांची यादी असायला हवी. शक्य असेल तर त्या दवाखान्यात विचारा. खातं संस्थेच्या नावावर आहे की एखाद्या व्यक्तीच्या, हे बघा. ‘आज रात्रीपर्यंत पैसे आले नाहीत तर मरेल’ अशी भाषा दर आठवड्याला येत असेल तर थांबा.

माझी स्वतःची एक कसोटी आहे. निवाऱ्याला विचारा, गेल्या वर्षी तुमच्याकडे किती प्राणी दगावले? खरं काम करणाऱ्याकडे हा आकडा असतो आणि तो सांगताना त्याचा आवाज जड होतो. ‘आमच्याकडे एकही गेला नाही’ असं कुणी म्हणालं तर ते आजारी प्राणी घेतच नसावेत, किंवा मोजत नसावेत. दुसरं म्हणजे प्रत्यक्ष जाऊन या. जमीन कोरडी आहे का, पाण्याची भांडी स्वच्छ आहेत का, नवीन आलेले प्राणी वेगळे ठेवले आहेत का. नो-किल म्हणवून घेऊन एका पिंजऱ्यात आठ आठ मांजरं कोंबलेली असतील, तर तिथे प्राणी वाचत नाहीत, हळूहळू मरतात. गर्दीने येणारी सर्दी आणि जुलाब कुठल्याही औषधाने थांबत नाहीत. अशा ठिकाणी पैसे देण्याआधी मी दहादा विचार करीन.

घरात उरलेली माणसांची औषधं देऊ का?

विचारल्याशिवाय नको. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, तिच्या यकृताला ते औषध पचवताच येत नाही. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण करतं आणि मूत्रपिंड निकामी करू शकतं. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला लावलं तर झटके येतात. काही अँटिबायोटिक आणि हृदयाची औषधं माणसांची आणि प्राण्यांची एकच असतात. बंद पाकीट आणि दिसणारी मुदत असेल तर डॉक्टर ती आनंदाने घेतात. ठरवू द्या त्यांना.

इन्सुलिनच्या सुयांबद्दल मुद्दाम लिहिते. प्राण्यांच्या काही इन्सुलिनमध्ये एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, माणसांच्या नेहमीच्या इन्सुलिनमध्ये १००. सुईवरच्या खुणा त्यानुसार वेगळ्या. चुकीची सुई म्हणजे चुकीचा डोस. पेटी विकत घेण्याआधी निवाऱ्याला विचारा की कुठली हवी.

मग वस्तू काय द्याव्यात?

जुने टॉवेल आणि सुती चादरी, कितीही आणा. पार्वोच्या वॉर्डातले टॉवेल धूत नाहीत, टाकूनच देतात. हातमोजे, गॉज, चिकटणारी पट्टी, सिरिंज, कोरड्या जागेत ठेवलेले. खाली अंथरायला वर्तमानपत्रं. स्वयंपाकघरातला एक साधा डिजिटल वजनकाटा ही माझ्या मते मोलाची, पण कुणाच्या लक्षात न येणारी वस्तू आहे. मांजराच्या पिल्लाचं वजन रोज घेतलं तर आजार दिसण्याच्या एक दिवस आधी आकड्यात दिसतो. कालच्यापेक्षा दहा ग्रॅम कमी भरलं की आम्ही डॉक्टरांना फोन करतो.

लशी मात्र कधीच विकत घेऊन आणू नका. त्या सतत थंड राहिल्या पाहिजेत, पिशवीतून आलेली लस दिसायला ठीक असली तरी वाया गेलेली असू शकते.

पैसे देणं मला शक्य नाही. तरी दवाखान्याचा खर्च कमी करायला काही करता येईल?

पुष्कळ करता येईल, आणि यातलं पहिलं काम पैशांपेक्षा मोठं आहे: काही आठवडे एखादा प्राणी आपल्या घरी सांभाळणं. निवाऱ्यात आजार पसरतो तो गर्दीमुळे. आईवेगळी पिल्लं घरात राहिली तर निम्मा दवाखाना वाचतो. तीन आठवड्यांच्या आतलं मांजराचं पिल्लू असेल तर दर दोन-चार तासांनी बाटली, आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पोटाखाली हलकं पुसावं लागतं, कारण त्याला स्वतःहून लघवी करता येत नाही. साधं दूध चालत नाही, पिल्लांसाठीची भुकटी लागते, ती निवारा देतो. ज्यांना रात्री उठणं जमत नाही त्यांनी पाय मोडलेला मोठा कुत्रा न्यावा. पाय जुळेपर्यंत खोलीच्या कोपऱ्यात पडून राहायला त्याला जागा हवी असते, एवढंच.

दुसरं, गाडी असेल तर दवाखान्याच्या फेऱ्या. तिसरं, हिशेब. बिलं टाइप करून देणारा माणूस मिळाला तर माझ्यासारखीला रात्रीची झोप मिळते.

तुमच्याकडे मोठा, निरोगी, शांत कुत्रा असेल तर रक्तदानाबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा. साधारण २५ किलोंपेक्षा जास्त वजन, वय एक ते आठच्या दरम्यान आणि लसीकरण पूर्ण, अशी अपेक्षा असते. एका वेळी सुमारे ४५० मिलिलिटर रक्त घेतात. मांजरंही रक्त देऊ शकतात, पण त्यांचा रक्तगट आधी तपासावाच लागतो. बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त पहिल्यांदा चढवलं तरी जिवावर बेततं.

जखमी प्राणी वाट बघत असताना नसबंदीवर पैसे का घालता?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग मला कळतो. पण कुत्री आणि मांजर दोघींचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. मांजर पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आज टाळलेली एक नसबंदी दोन महिन्यांनी पाच पिल्लं होऊन दाराशी येते, प्रत्येकाच्या लशी, जंत आणि पार्वोची भीती घेऊन. शिवाय नसबंदी न केलेल्या मोठ्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो. तेव्हा तीच शस्त्रक्रिया घाईने, तापात, सलाईन लावून करावी लागते, कितीतरी पट खर्चाची आणि जिवाच्या जोखमीची. मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी नसबंदीचा निधी निवडीन. त्याच्यासाठी सगळ्यात कमी पैसे येतात.

एकाच प्राण्यावर इतका खर्च करण्यापेक्षा त्यात दहा वाचले नसते का?

कधी कधी वाचले असते. खोटं बोलणार नाही.

आम्ही डॉक्टरांना तीन गोष्टी विचारतो. बरा होण्याची शक्यता किती, बरा झाल्यावर तो कसा जगेल, आणि उपचारांत त्याला किती सोसावं लागेल. पैसा चौथ्या क्रमांकावर येतो, पण येतो. मणका तुटलेल्या एका मांजराबद्दल आम्ही तासभर बसलो होतो. टेबलावर एक्स-रे, शेजारी ती, टॉवेलमध्ये गुंडाळलेली. पुढच्या पायांनी ती माझी बाही ओढत होती. मागच्या पायांना संवेदना उरली नव्हती, लघवी आयुष्यभर हाताने काढावी लागली असती, आणि आमच्याकडे तशी सेवा देऊ शकणारं कुणी नव्हतं. आम्ही तिला झोपवलं. त्या दिवशी एखादं घर पुढे आलं असतं तर निर्णय वेगळा झाला असता. असे निर्णय बरोबर होते की नाही हे मला अजूनही ठरवता येत नाही.

मी मदत केलेला प्राणी वाचला नाही तर पैसे परत मिळतात का?

बहुधा नाही, कारण उपचार झालेले असतात आणि बिल तेवढंच असतं. पण तो गेला हे तुम्हाला कळलं पाहिजे. गेल्याची बातमी लपवणारा निवारा मला आवडत नाही.

मला माझ्या मित्रमंडळींत निधी उभा करायचा आहे. कसा करू?

आधी निवाऱ्याशी बोला आणि डॉक्टरांकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या. मग लिहा. काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, किती लागतील, आतापर्यंत किती जमले, उरले तर कुठे जातील. रक्ताळलेला फोटो पहिला लावू नका, लोक मान फिरवतात. उपचारानंतरचा, डोळे उघडे असलेला लावा. ठरलेली रक्कम जमली की त्याच दिवशी ‘जमले, थांबा’ असं जाहीर करा. पुढच्या वेळी लोक तुमच्यावर विश्वास ठेवतील तो या एका ओळीमुळे. आणि आठवड्याभराने, महिन्याभराने काय झालं ते कळवत राहा.

वाढदिवसाच्या भेटीऐवजी निधी, कार्यालयात पगारातून ठरावीक कपात, हेही चांगलं चालतं. पगारातली कपात तर फारच, कारण ती दर महिन्याला येते.

करात सवलत मिळते का?

ते तुमच्या देशाच्या कायद्यावर आणि संस्थेच्या नोंदणीवर अवलंबून आहे. देण्याआधी नोंदणी क्रमांक मागा, दिल्यावर पावती घ्या. थेट दवाखान्यात भरलेले पैसे देणगी धरले जातीलच असं नाही, हे ध्यानात ठेवा.

रस्त्यात जखमी प्राणी सापडला. निवाऱ्यात आणून सोडला की झालं ना?

आधी फोन करा. जागा आहे का, डॉक्टर आहेत का, वेगळं ठेवायला पिंजरा आहे का, हे विचारा. भर रात्री दाराला बांधून ठेवलेला कुत्रा सकाळपर्यंत तडफडतो. आणताना शक्य असेल तर पहिल्या तपासणीचा खर्च तुम्ही करा, निदान त्यातला वाटा उचला. एक गोष्ट मनापासून सांगते: प्राणी आणून देणाऱ्या माणसाने चार दिवसांनी ‘कसा आहे तो?’ एवढा फोन केला तरी आम्हाला बळ येतं.

जखमी जनावर वेदनेने चावू शकतं. चावलं किंवा ओरखडलं तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि तातडीने डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. निवाऱ्यात नियमित हात लावणाऱ्यांनी आधीच लस घेऊन ठेवावी. स्वयंसेवकांच्या या लशीसाठी कुणी पैसे दिले तर तेही प्राण्यांवरच खर्च झाले असं मी धरते.

दर महिन्याची मदत सुरू केली आणि पुढे बंद करावी लागली तर?

बंद करा. कारण सांगायची गरज नाही, कुणाचीही परिस्थिती बदलते. फक्त जमलं तर एक महिना आधी कळवा. एका बाईंनी दोन वर्षं आमच्या म्हाताऱ्या कुत्रीच्या हृदयाच्या गोळ्यांचे पैसे पाठवले. त्यांची नोकरी गेली तेव्हा त्यांनी संकोचाने एक ओळ लिहिली, ‘पुढच्या महिन्यापासून जमणार नाही.’ त्या एका महिन्यात आम्ही दुसरे दोघे जण शोधले, निम्मं निम्मं. कुत्रीची एकही गोळी चुकली नाही. ती सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेसातला, खाण्याच्या गोळ्यात लपवून द्यावी लागते. कुत्री खाणं गिळते, औषध जिभेवर ठेवून थुंकते, आणि मग आपण ते पुन्हा लपवायचं.